खाजकुहिलीचे पोते

माझ्या बायकोने आणि अकोल्याच्या एका वैद्याने मिळून मला फसवले. एकदा नव्हे, सहा महिने रोज संध्याकाळी फसवले, आणि तेही माझ्याच घरच्या पेल्यातून. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी स्वतःबद्दल जे सांगणार आहे ते वाचल्यावर माझी बाजू घ्यायला कोणी उरेल असे वाटत नाही.

मी फसणारा माणूस नव्हतो, दुखणे ते तिथेच आहे. अमरावतीच्या कापूसबाजारात मी डोक्यावर गाठोडी वाहण्यापासून सुरुवात केली आणि पंचविशीत दलाल झालो. पोत्याच्या तोंडाशी पांढराशुभ्र कापूस आणि पोटात काळपट कवडी, म्हणजे डागी माल, हा खेळ तेव्हा सगळेच खेळत. वजन वाढावे म्हणून रात्रभर दवात ठेवलेला कापूस तर मी दोन बोटांच्या चिमटीत ओळखायचो. वरचा माल मी बघतच नसे. पोते दिसले की कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, तळातली मूठ बाहेर काढायची, आणि मग शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. बाजारात मला "कोपऱ्या" म्हणत, माझ्या मागून. पुढ्यात म्हणायची हिंमत नव्हती, कारण माझा राग कापसासारखाच होता. ठिणगी पुरे.

ती वर्षे तेजीची होती. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या बोंडावर साऱ्या जगाचा डोळा होता. आगगाडी अजून यायची होती. मी माझ्या तट्टावर बसून अमरावतीहून अकोल्यापर्यंत गावे पालथी घालायचो. सकाळी उठलो की खोगिरावर, संध्याकाळी उतरलो तर चिलीम. जेवणात भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, तोही असा की शेजारच्या पंगतीला ठसका लागावा. कासोटा आवळून बांधलेला, डोके तापलेले, झोप मिळेल तिथे आणि मिळेल तेवढी. याला मी मर्दानगी म्हणायचो.

आणि लग्नाला सहा वर्षे होऊन घरात पाळणा नव्हता.

दोष कोणाचा हे आमच्या घरात कोणी विचारले नव्हते. विचारायचे असते हेच माहीत नव्हते. माझी आई सुनेला टोमणे मारी, आणि मी बाजारातला राग घरी आणून तोच शब्द तिच्या तोंडावर फेकी, जो बाईच्या तोंडावर फेकू नये. तो शब्द मी इथे लिहीत नाही. तेव्हा मात्र सहज निघायचा, खोकल्यासारखा.

त्या वर्षी दसऱ्याला आईने जाहीर केले, "बाबू, वलगावले एक पोरगी पाह्यली म्या. घरचे बरे आहेत. दुसरी कर."

मी लगेच हो म्हटले नाही. फार चांगला होतो म्हणून नव्हे. पहिला आकडा कोणी सांगितला की लगेच हो म्हणायचे नाही, ही माझी सवय. बायको चुलीपाशी होती. पाठमोरीच म्हणाली, "एक डाव मले अकोल्याच्या वैद्याकडं न्या. मंग काय करायचं ते करा."

"कवरोक थांबू?" मी विचारले.

"पुढच्या दसऱ्यालोक."

"संक्रांत."

"अक्षय तृतीया," ती म्हणाली, आणि वळून माझ्याकडे बघितले. मी कबूल झालो. आज वाटते, तिला पहिल्यापासून अक्षय तृतीयाच हवी होती. वर्षभराचे बोलून सहा महिन्यांवर उतरणे हे ती माझ्याकडूनच शिकली होती.

वैद्य अकोल्याच्या जुन्या वस्तीत राहायचा. साठीचा, बारीक अंगाचा, बोलायला मऊ. अशा मऊ माणसांपासून मी बाजारात चार हात लांब राहत असे. इथे राहिलो नाही. आईने निघताना बजावले होते की परक्या पुरुषाला नाडी दाखवायची ती पदराआडून. पदर पुरेना. तेव्हा खांद्यावरचा रुमाल काढून मीच तिच्या मनगटावर टाकला.

हा रुमाल कसला ते सांगायला हवे. कापसाचा भाव आम्ही तोंडाने बोलत नसू. दोघे दलाल रुमालाखाली हातात हात घालत, बोटे दाबून आकडा सांगत, आणि चारचौघांदेखत सौदा होऊनही चारचौघांना कळत नसे. त्या रुमालाखाली मी भलेभले लोळवले होते.

वैद्याने डोळे मिटून तिची डाव्या हाताची नाडी धरली. बराच वेळ गेला. रुमाल जरासा हलला. वैद्याने डोळे उघडले, तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितले, आणि त्याच्या भिवया किंचित वर गेल्या. हे मी डोळ्यांनी पाहिले. असा चेहरा मी दिवसाला दहा वेळा पाहायचो. सौदा पटल्याचा चेहरा होता तो. मला मात्र वाटले, नाडी फारच वाईट दिसते बिचारीची.

"शेठ, आता तुमचा उजवा हात द्या," वैद्य म्हणाला.

"माझा काहून? अवशद तिले पाह्यजे."

"बी चांगलं आणि जमीन चांगली, दोन्ही बघावं लागतं. तुम्ही कापसातले, तुम्हाला काय सांगायचं?"

"बियाची चिंता तुमी नका करू," मी म्हटले, आणि हात दिला. तेव्हा हा विनोद मला फार आवडला होता.

मग त्याने मला इतके प्रश्न विचारले की मी चिडलो. किती वेळ खोगिरावर? तिखट किती? झोपता कधी? आंघोळीचे पाणी किती कडत? राग रोज येतो की अधूनमधून? शेवटी म्हणाला, "पथ्य दोघांना आहे. तुमचं सांगतो. तट्टू बंद, छकड्यातून फिरा. ठेचा बंद, चिलीम बंद. पाणी कोमट. कासोटा सैल. दिवे लागले की जेवण, आणि मग झोप. दूध, तूप, उडीद. आणि रागावायचं नाही."

मी हसलो. भाव फारच चढा होता. मी घासायला बसलो. तट्टाशिवाय माझा धंदा बुडेल म्हटले, त्याने तट्टू सोडले. ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाही म्हटले, त्याने ठेचा सोडला. चिलीम, कासोटा, झोप, एकेक करून मी सगळे खाली आणले. राग तर त्याने न मागताच सोडला. शेवटी तो थकल्यासारखा म्हणाला, "बरं शेठ, तुमचं सगळं पथ्य माफ. एकच करा. बाईंचं औषध कडू आहे. त्यांना धीर यावा म्हणून रोज संध्याकाळी त्यांच्यासोबत बसून पेलाभर दूध घ्या. एवढं तरी?"

"पाऊण पेला," मी म्हटले.

"पाऊण," वैद्य म्हणाला, आणि मान खाली घातली.

परतताना गाडीत मी बायकोला तीन वेळा सांगितले की बघ, सगळं पथ्य तुझ्यावर टाकून मी पाऊण पेला दुधावर सुटलो. ती बाहेर तुरीकडे बघत होती. खांदे हलत होते. मला वाटले रडते आहे.

त्यानंतर आमच्या घरात ज्या गोष्टी घडल्या त्या तुम्हाला सांगतो, आणि तुम्हीच ठरवा, दोन बोटांत ओला कापूस ओळखणाऱ्याला त्या दिसायला हव्या होत्या की नाही.

आधी ठेच्याची चव गेली. दिसायला हिरवा, खायला गवत. बायको म्हणाली, यंदा मिरचीच फिकी निघाली. मी बाजारात जाऊन मिरचीवाल्याला शिव्या दिल्या. मग खोगिराचा पट्टा उंदराने कुरतडला. नवा आणला, तोही कुरतडला. आमच्या घरच्या उंदराला दुसरे काहीच आवडेना. दोन्ही वेळा पट्टा सुरीने कापावा तसा सरळ तुटला होता, आणि मी उंदराच्या दातांचे कौतुक केले. नाइलाजाने छकड्यातून फिरू लागलो. न्हाणीतले पाणी कोमटच निघे, का तर सरपण ओले. चिलमीचा तंबाखू हरवे. धोतरे धुवून धुवून आखूड झाली म्हणून तिने नवी आणवली, घोळदार. आणि दिवे लागले की ती म्हणायची, "अवो, बसा ना घडीभर. हे कडू जाईना मले." मी बसायचो. ती नाक दाबून आपला पेला एका दमात संपवायची आणि तोंड वेडेवाकडे करायची. मी माझे पाऊण पेला दूध चवीने प्यायचो.

दूध दाट असायचे, थोडे तुरट, तळाशी गाळ. मी एकदा विचारले, तर म्हणाली, म्हशीला सरकी जास्त होते. सरकी! कापसाच्या माणसाला सरकीचे नाव सांगितल्यावर तो पुढे काय बोलणार? मी तळाचा गाळसुद्धा बोटाने निपटून खाल्ला.

दोन महिन्यांत मला बरे वाटू लागले. झोप लागायची. बाजारात एका शेतकऱ्याच्या पोत्यात ओला कापूस निघाला आणि मी त्याला नुसते "नेऊन वाळव" म्हटले, तर तो घाबरून तीनदा मागे बघत गेला. घरीही मी तो शब्द कधी टाकला हे आठवेनासे झाले. याचे श्रेय मी माझ्या मोठ्या मनाला दिले.

अक्षय तृतीया आली. बायको काही बोलली नाही. मीही विचारले नाही. कबूल केलेली मुदत संपली होती, आणि मुदत म्हणजे मुदत. आईने वलगावला निरोप धाडला होता. त्या दिवशी सुपारी फोडायला जायचे होते. दारात छकडा जुंपलेला, आईच्या मांडीवर नारळ. ती ओरडली, "बाबू, गूळ घेऊन ये घरातला!"

माजघरात उजेड कमी. गुळाची ढेप कोपऱ्यात असायची. तिथे एक पोते होते, तोंड सुतळीने बांधलेले. बायको भिंतीला टेकून उभी होती.

"यात काय हाये?"

"काई नाई. हिवरखेडहून भावानं धाडलं. म्हशीसाठी." हिवरखेड तिचे माहेर. "गूळ शिंक्यावर हाये. त्यात हात नोका घालू."

आता मला सांगा, मला कोणी पोत्यात हात घालू नको म्हटले तर मी काय करणार? कित्येक महिन्यांत नाही आला तो राग एकदम आला. लपवते आहे, अडवते आहे, मुहूर्त टाळते आहे. मी सुतळी तोडली आणि हात आत खुपसला. बोटांपर्यंत नाही. सवयीने. कोपरापर्यंत.

ज्यांनी खाजकुहिलीच्या वाळलेल्या शेंगा पाहिल्या नाहीत त्यांनी देवाचे आभार मानावेत. कुंपणावर वेल चढतो, शेंगेवर सोनेरी लव असते, मखमलीसारखी. ती लव अंगाला लागली की माणूस नाचतो. मी तळातली मूठ बाहेर काढेपर्यंत माझा अख्खा हात पेटला होता. खाजवले, तर दुसरा हात पेटला. मग मान. मी माजघरातून अंगणात, अंगणातून गोठ्यात पळालो, आणि सुपारी फोडायला निघालेल्या नवऱ्या मुलाने घातलेले नवे धोतर शेणात बसले.

बायको मागोमाग आली. ओल्या शेणाचा गोळा घेतला आणि माझ्या हाताला कोपरापर्यंत थापला.

"हे काय भरून ठेवलं घरात?" मी ओरडलो.

"तुमचं अवशद."

"माझं?"

"यातल्या बिया दुधात शिजवायच्या, साल काढायची, वाटायच्या. संगं आस्कंद, गोखरू, अन् मेळघाटातली मुसळी. पाऊण पेला." तिने दुसरा गोळा घेतला. "मी पेत होती ते मेथीचं पाणी होतं. वैद्यानं मले पुडीच देल्ली नाई."

"त्याले कोनं सांगतलं?"

"म्या. रुमालाखाली बोट वळवलं तुमच्याकडं. ते म्हातारं हुशार. एका बोटात समजलं." मग तिसरा गोळा थापत म्हणाली, "तुमच्यासमोर तोंडानं बोलता येत असतं, तं बोटानं काहून बोलली असती?"

दाराबाहेरून आई ओरडत होती, "बाबू, गूळ सापडला का नाई?"

"आन् उंदीर?" मी विचारले.

"मीच."

मी शिव्या आठवू लागलो. पुष्कळ येत होत्या मला. पण अंगाला शेण लावलेल्या माणसाने शिव्या देणे चांगले दिसत नाही. ती खाली बघून म्हणाली, "दोन महिने सरले. तिसरा लागला."

कसला, हे कळायला मला वेळ लागला. मी आकड्यात हुशार होतो तरी.

"आन् हे आज सांगते? माय गाडीत बसली तवा? काल नाई सांगता आलं?"

"तुमी जाता का नाई, ते पाहून राहिली होती मी."

मी जात होतो. गूळच शोधत होतो.

आई चालत आत आली. हातात नारळ, समोर मुलगा शेणात. सुनेने कानात सांगितले. आईने तोच नारळ गोठ्याच्या उंबऱ्यावर फोडला आणि म्हणाली, "पाह्य, वैद्याचं अवशद लागू पडलं सुनेले! दोष होता अंगात, तो गेला."

बायकोने माझ्याकडे बघितले. फार वेळ नाही, रुमालाखाली एक आकडा सांगायला लागतो तेवढाच. मला बोलायचे होते. सांगायला चार शब्द पुरले असते: आई, दोष माझा होता. बाजारात दिवसभर बंद न होणारे माझे तोंड. त्यातून निघाले ते एवढेच, "व्हय, माय. लागू पडलं."

बायकोने शेणाची टोपली उचलली आणि आत गेली.

दिवाळी उलटून मुलगी झाली. आई म्हणाली, पुढल्या खेपेस पोरगा. पुढल्या खेपेसही मुलगीच झाली, आणि तोवर मला दोघींशिवाय करमेनासे झाले होते. ते औषधाने झाले, ठेचा सुटल्याने झाले, झोपेने झाले की नशिबाने, हे मला सांगता येणार नाही. वैद्यही छातीठोक सांगणार नाही. पण बाजारात मी मात्र छातीठोक सांगत सुटलो की अकोल्याच्या वैद्याने माझी बायको बरी केली. माझ्या शब्दावर अमरावतीच्या किती दलालांनी आपापल्या बायका छकड्यात घालून अकोल्याला नेल्या! परत येऊन प्रत्येक जण मला मोठ्या ऐटीत सांगायचा, पथ्य सगळं बाईला आहे, मला फक्त सोबत म्हणून पेलाभर दूध. मी मान डोलवायचो. एकालाही सांगितले नाही. पाऊण पेल्यावर मीच एकटा सुटलो होतो, तेवढे समाधान.

बायकोने तो विषय पुन्हा काढला नाही. सासूच्या शेवटच्या दुखण्यात तिची सेवा तिनेच केली. आई जाण्याआधी माझ्यादेखत तिचा हात धरून म्हणाली, "तुझ्यात दोष होता तरी म्या तुले ठेवलं, पाह्य." बायको म्हणाली, "व्हय, सासूबाई." मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. आठ वर्षे झाली होती त्या गोठ्यातल्या सकाळीला, आणि ते चार शब्द अजून माझ्या तोंडातच होते.

आईचे दिवस झाले आणि मी बडनेऱ्याला जाऊन अकोल्याची आगगाडी धरली, वैद्याला जाब विचारायला. दाराला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, काशीला गेले, तिकडेच राहिले असतील.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे, म्हणजे कोणी काशीहून येणारा-जाणारा त्याला वाचून दाखवील. वैद्यबुवा, फसवल्याचे मी माफ केले. पाऊण पेल्याचेही माफ केले. पण नाडी तुम्ही पाहिली होती. बाईचा दोष नाही हे त्या दिवशी ठाऊक असलेले तुम्ही एकटे शहाणे पुरुष होता. मग रुमाल बाजूला करून, चारचौघांत, माझ्या आईच्या कानावर जाईल असे ते तेव्हाच का सांगितले नाही? ती बाई आठ वर्षे माझा दोष पदराखाली घेऊन वावरली, त्याचा जाब द्या. आणि "नवऱ्यालाच ते सांगायचे धैर्य झाले नाही, तर मी कसे सांगू," असे म्हणू नका. ते माझे उत्तर आहे. तुम्ही तुमचे द्या.